लहान पाळीव कुत्रा : भारतीय स्पिट्झची लक्षणे व निगा

पांढराशुभ्र, केसाळ, निमुळत्या तोंडाचा, उभ्या कानांचा आणि शेपटी पाठीवर वळवून मिरविणारा जो लहानसा कुत्रा शहरांतील घरांत आणि बागाईत भागातील वस्त्यांवर दिसतो, त्यास लोक सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात. वस्तुतः तो बहुधा पामेरियन नसतो. पामेरियन ही दोन ते तीन किलो वजनाची, अत्यंत लहान चणीची जात असून बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोमेरेनिया या प्रदेशावरून तिला नाव मिळाले आहे. आपल्याकडे आढळतो तो भारतीय स्पिट्झ होय. ब्रिटिश अमदानीत युरोपातून आणलेल्या स्पिट्झ कुत्र्यांची पैदास येथे पिढ्यानपिढ्या होत गेली आणि येथील हवेत तग धरणारी ही जात तयार झाली.

इसवी सन १९८० ते २००० या काळात परदेशी कुत्री आयात करणे कठीण असल्यामुळे या जातीचा प्रसार फार झाला. १९९४ साली प्रदर्शित झालेल्या ‘हम आपके हैं कौन’ या हिंदी चित्रपटातील टफी नावाचा कुत्रा याच जातीचा होता. तो चित्रपट पाहून कित्येक घरांत असे पिल्लू आले. पुढे पग, लॅब्राडोर वगैरे जातींकडे हौशी लोकांचा ओढा वाढला, तरी स्वस्त, सुटसुटीत आणि काटक म्हणून स्पिट्झचे स्थान टिकून आहे.

जात व लक्षणे

या जातीत दोन प्रकार मानतात. लहान प्रकारातील कुत्र्याचे वजन सर्वसाधारणपणे ५ ते ७ किलो भरते, तर मोठ्या प्रकारातील १२ किलोपासून २० किलोपर्यंत असते. रंग बहुधा पांढरा असतो, परंतु तपकिरी आणि काळे कुत्रेही आढळतात. अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा सरळ व लांब, आणि आतला मऊ, लोकरीसारखा. आयुष्य बारा ते चौदा वर्षांचे धरावे. म्हणजे मुलगा पहिलीत असताना आणलेले पिल्लू तो महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असते, ही गोष्ट पिल्लू आणण्यापूर्वीच विचारात घेणे बरे.

स्वभावाने हा कुत्रा चलाख, खेळकर आणि माणसांना अतिशय लोचट असतो. घरातील एका व्यक्तीवर त्याचा विशेष जीव जडतो. अनोळखी माणसाची चाहूल लागताच तो भुंकतो व बराच वेळ भुंकत राहतो. राखणीच्या दृष्टीने हाच त्याचा उपयोग समजावा. तो घरच्यांना जागे करील, चोरास अडविणार नाही. ज्यांना शेतावर, खळ्यावर किंवा मेंढरांबरोबर राखण हवी आहे, त्यांनी चांगल्या गावठी कुत्र्याचे पिल्लू पाळावे. ते आपल्या हवेला अधिक सरावलेले असते आणि फुकट मिळते. स्पिट्झ पाळावयाचा तो सोबतीसाठी. दिवसभर ज्या घराला कुलूप असते, त्या घरात हा कुत्रा आणू नये. साखळीला बांधून एकटा ठेवलेला स्पिट्झ भुंकून भुंकून शेजाऱ्यांस नकोसा होतो आणि पुढे चिडखोर बनून चावू लागतो. कुत्र्याची हौस घरातील पुरुषांची वा मुलांची असते आणि त्याचे खाणेपिणे, झाडलोट मात्र घरातील स्त्रीच्या अंगावर पडते, असे पुष्कळ ठिकाणी आढळून येते. तेव्हा पिल्लू आणण्याआधी तिची संमती घेणे न्यायाचे आणि शहाणपणाचे ठरेल.

लहान शरीराचा हिशेब

या कुत्र्याची निगा समजण्यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानात धरली पाहिजे. बैलाचे वजन चारशे किलोच्या आसपास असते, गावठी कुत्र्याचे पंधरा-वीस किलो आणि या कुत्र्याचे अवघे सहा किलो. जी चूक बैलास जाणवतही नाही, तीच सहा किलोच्या जीवावर बेतते. हगवण लागलेली गाय चार दिवस तग धरील. दीड किलोचे पिल्लू एका दिवसात पाणी आटून मरणपंथास लागते.

आयव्हरमेक्टिनचे उदाहरण घ्यावे. जनावरांच्या जंतांवर व गोचिडांवर टोचावयाचे हे औषध अनेक गोठ्यांतून ठेवलेले असते. त्याच्या एक टक्का शक्तीच्या द्रावणाची गुरांसाठी मात्रा ५० किलो वजनास १ मिलि अशी असते. त्या हिशेबाने सहा किलोच्या कुत्र्याच्या वाट्यास जेमतेम ०.१२ मिलि येते. ‘लहानच आहे, एक मिलि पुरे’ असे म्हणून कोणी सुई टोचली, तर आठपट औषध अंगात जाते. मग कुत्रा झोकांड्या देतो, आंधळ्यासारखा वागतो, थरथरतो आणि बेशुद्ध पडतो. शिवाय कित्येक कुत्र्यांच्या रक्तात हृदयकृमींची पिल्ले असतात व काही जातींच्या कुत्र्यांना हे औषध अल्प मात्रेतही बाधते. म्हणून गोठ्यातील बाटलीतून कुत्र्यास काहीही टोचू वा पाजू नये. तोच नियम माणसांच्या गोळ्यांना लागू आहे. तापावरचे पॅरासिटामोल, अंगदुखीवरचे आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याचे यकृत, जठर व मूत्रपिंड निकामी होतात.

या हिशेबास दोन अपवाद आहेत आणि तेही लक्षात असावेत. रोगप्रतिबंधक लसीची मात्रा वजनावर ठरत नाही. ‘अर्धी लस टोचा, पिल्लू लहान आहे’ असा आग्रह कोणी धरू नये. तसेच घोणस, फुरसे किंवा नाग चावल्यास द्यावयाच्या सर्पविषनाशक लसीचे आहे. विष शरीरात जेवढे शिरले तेवढ्यास औषध लागते, आणि लहान शरीरात तेवढेच विष अधिक दाट झालेले असते.

पिल्लाची निवड

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. तरीही महिन्याभराची पिल्ले टोपलीत घालून विकावयास आणलेली आढळतात. अशा पिल्लास आईच्या दुधातून मिळालेली शक्ती अपुरी असते, आणि भावंडांशी खेळताना दात किती दाबावे याचे शिक्षणही त्याला मिळालेले नसते. पुढे ते घरातील मुलांना ओरबाडते, चावते आणि दोष जातीवर येतो.

शक्यतो पिल्लू त्याच्या आईसह पाहून घ्यावे. डोळे स्वच्छ, नाक कोरडे वा किंचित ओलसर पण वाहते नसलेले, गुदद्वाराभोवतीचे केस कोरडे, हिरड्या गुलाबी, आणि हाक मारल्यावर पुढे येणारे पिल्लू निवडावे. पोट फुगलेले व अंग हडकुळे असेल तर जंत आहेत असे समजावे. जंताचे औषध पिल्लास दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी वजनाप्रमाणे द्यावे लागते. कुत्र्याचे काही जंत लहान मुलांच्याही अंगात शिरतात. ज्या अंगणात मुले मातीत खेळतात तेथील कुत्र्याची विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरणे यास्तव अगत्याचे आहे.

पार्व्हो

पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पार्व्हो विषाणूचा रोग. १९७८ सालच्या सुमारास तो जगभर पसरला. पिल्लू एकाएकी खाणे सोडते, वारंवार ओकते, आणि नंतर घाण वासाची रक्तमिश्रित हगवण लागते. अशा वेळी ताक पाजून वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी शिरेतून सलाइन मिळाले तर पुष्कळ पिल्ले वाचतात. उशीर केल्यास वाचण्याची आशा कमी होते.

हा विषाणू फार चिवट असून जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो. फेनेलने तो मरत नाही. फरशी प्रथम साबणाने धुऊन मग एक भाग सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, म्हणजे कपड्यांचा ब्लीच, तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ओले ठेवल्यास तो नष्ट होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र ब्लीचचा परिणाम होत नाही. म्हणून ज्या घरात या रोगाने पिल्लू दगावले, तेथे वर्षभर नवे पिल्लू आणू नये, किंवा सर्व टोचण्या पूर्ण झालेले मोठे पिल्लूच आणावे.

पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ व लेप्टो या रोगांविरुद्धची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात प्रथम टोचतात आणि पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. एकदा टोचली म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या लसीस निष्प्रभ करू शकते, म्हणून पुढच्या टोचण्यांची आवश्यकता असते. कोकणात आणि इतरही अतिवृष्टीच्या भागात, जेथे भातखाचरांतून लेप्टोचा उपद्रव होतो, तेथे त्या रोगाची लस दरवर्षी चुकवू नये. तो रोग कुत्र्याच्या मूत्रातून माणसासही होतो.

पिसाळ रोग

येथवर सांगितले त्यात कुत्र्याचा जीव धोक्यात असतो. पिसाळ रोगात, अर्थात रेबीजमध्ये, घरातील मुलाचा जीव धोक्यात येतो. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस काय किंवा कुत्रा काय, वाचत नाही असेच धरून चालावे. उलट, चावा घेतल्याबरोबर योग्य उपचार झाल्यास रोग टळतो. एवढ्या भयंकर रोगावर एवढा खात्रीचा प्रतिबंध असणे ही गोष्ट विरळाच.

पिसाळलेला कुत्रा म्हटल्यावर लाळ गाळीत गल्लीतून धावणारा मोठा कुत्रा लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. खरा धोका पुष्कळदा घरातच असतो. लस न टोचलेले तीन-चार महिन्यांचे पिल्लू अंगणात मोकळे फिरते, त्यास एखादा भटका कुत्रा चावतो, केसांत जखम दिसत नाही. काही आठवड्यांनी पिल्लू सुस्त होते, अंधाऱ्या कोपऱ्यात बसते, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो आणि पाणी गिळता येत नाही. हा मुका पिसाळ होय. घशात हाड अडकले असावे असे समजून घरचा माणूस तोंडात बोटे घालून पाहतो, आणि मुले त्याला मांडीवर घेऊन दूध पाजू पाहतात. ‘आपलेच पिल्लू, दाताचा ओरखडाच तर आहे’ म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर सांगण्याजोगी गोष्ट कोणती असेल तर हीच. पिल्लाचा चावा हा चावाच होय, आणि ज्याच्या घशातून पाणी उतरत नाही अशा कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालावयाचा नसतो.

चावा अगर ओरखडा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावूनच धुवावी, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्याहून बराच अधिक वेळ असतो. हळद, तिखट, चुना, तेल, कातडीचा काढा यांपैकी काहीही जखमेवर लावू नये, आणि पट्टी घट्ट बांधू नये. लागलीच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. तेथे कातडीत टोचावयाची लस पहिल्या दिवशी आणि त्या दिवसापासून ३ ऱ्या, ७ व्या व २८ व्या दिवशी देतात. रक्त आले असल्यास जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते, ते आहे काय हे विचारून घ्यावे आणि नसेल तर ते मिळेल त्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. पोटात चौदा सुया टोचण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे. त्या भीतीने अजूनही काही लोक दवाखाना टाळतात, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

चावलेल्या कुत्र्यास मारून टाकू नये. त्यास बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे ठरते. मात्र या दहा दिवसांच्या निकालाची वाट पाहत माणसाने लस थांबवून ठेवू नये.

कुत्र्यास रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने महिन्याभराने पुन्हा द्यावी आणि त्यानंतर दरवर्षी द्यावी. लस दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात राहिलेली असावी लागते. खिशातून आणलेली व उन्हात तापलेली लस टोचून नुसते समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही. दाखल्यावर बाटलीचा क्रमांक व पुढील तारीख लिहून घ्यावी. लस दिलेल्या कुत्र्यास दुसरा कुत्रा चावल्यासही त्यास पुन्हा लस टोचावी लागते. एका घरच्या स्पिट्झला लस देऊन गावातील चाळीस कुत्रे तसेच सोडल्याने गावाचे भागत नाही. गोवा राज्यात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालविल्यानंतर २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दरवर्षी एक दिवस ठरविला, तर पाळीव व भटक्या दोन्ही कुत्र्यांचे काम एकदम होऊ शकते.

आहार

‘आमचा कुत्रा फक्त दूध-पोळी खातो’ असे कौतुकाने सांगितले जाते. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. सहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे ४०० ते ४५० उष्मांक लागतात. शंभर ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३४० उष्मांक असतात. म्हणजे एका भाकरीने त्याची भूक जवळजवळ भागते, परंतु स्नायू, केस व रक्त यांसाठी लागणारी प्रथिने मात्र अपुरी राहतात. मग कुत्रा गुबगुबीत दिसतो, केस गळतात, अंग खाजते, आणि मालक साबण बदलीत बसतो.

अर्धी भाकरी किंवा वाटीभर भात, त्यात उकडलेले अंडे अथवा हाडे काढलेले शिजविलेले मांस किंवा मासळी, थोडा लाल भोपळा वा गाजर, असे खाणे दोन वेळा विभागून द्यावे. मीठ-मसाला घालू नये. मांसाहार न करणाऱ्या घरांत अंडे चालत असल्यास उत्तम. तेही नसेल तर दही, पनीर व चांगले शिजविलेले वरण यांवर हा कुत्रा राहू शकतो, परंतु पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षार व जीवनसत्त्वांची जोड द्यावी. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. त्यापेक्षा दही-ताक बरे. तीन महिन्यांच्या आतील पिल्लास दिवसातून चार वेळा थोडे थोडे खावयास द्यावे. उपाशी ठेवल्यास एवढ्याशा पिल्लाच्या रक्तातील साखर उतरून ते निपचित पडते. कोंबडीची शिजलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, ती देऊ नयेत.

मराठी स्वयंपाकघरात विशेष जपण्याची वस्तू म्हणजे कांदा. कांदा, लसूण, पात ही कच्ची असोत वा शिजलेली, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा अपायकारक समजतात. सहा किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तो भरतो फक्त ३० ग्रॅम. एका वाटी रश्शात एवढा कांदा सहज असतो. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी तांबूस होते, तेव्हा त्या दिवशीच्या उरलेल्या मटणाच्या रश्शाची आठवण कोणास होत नाही. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडते. नाशिक-सांगली भागात बेदाण्याच्या शेडभोवती कुत्री मोकळी फिरू देऊ नयेत. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल याचे कारण असावे असे संशोधकांनी २०२१ साली मांडले. चिंचेतही तेच आम्ल पुष्कळ असल्याने चिंचेचा कोळ घातलेली आमटी कुत्र्यास न देणे शहाणपणाचे. चॉकलेटही विषारी आहे.

शेतावरील विषे

वस्तीवरील कुत्र्यास घरातल्या कुत्र्याहून अधिक जपावे लागते. उंदरांसाठी पिठात मिसळलेले झिंक फॉस्फाइड कुत्रा आवडीने खातो. ते पोटात गेल्यावर विषारी वायू सुटतो. अशा वेळी दूध-भाकरी खाऊ घालण्याचा प्रघात घातक आहे, कारण अन्नाने आम्ल वाढून वायू अधिक सुटतो. उंदरांवरील ब्रोमाडायोलोनच्या वड्यांचा परिणाम तीन-चार दिवसांनी रक्तस्रावाच्या रूपाने दिसतो, आणि वेळेत जीवनसत्त्व ‘के-१’ मिळाल्यास कुत्रा वाचतो. फवारणीच्या औषधांनी बाधलेला कुत्रा लाळ गाळतो, त्याचे स्नायू थरथरतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. अंगावर औषध उडाले असल्यास हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवावे आणि औषधाची रिकामी बाटली अथवा पुडके बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. चिठ्ठीवरील नाव वाचता आले म्हणजे पशुवैद्यकाचा अर्धा वेळ वाचतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

गोचिडांवर गुरांसाठी कालविलेले औषध कुत्र्याच्या अंगावर ओतण्याची चाल सर्वत्र आहे. ती बंद व्हावयास पाहिजे. कुत्र्यासाठी स्वतंत्र औषधे मिळतात. शिवाय कुत्र्यावरची गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत. नुसता कुत्रा स्वच्छ करून उपयोग नसतो, त्याच्या बसण्याच्या जागेच्या भेगा बुजवून तेथेही औषध मारावे लागते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या फिकट होतात व क्वचित नाकातून रक्त येते.

ऊसपट्ट्यात बिबट्याचे भय आहेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात पाळीव कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा असल्याचे दिसून आले. रात्री ओसरीवर बांधलेला पांढरा, भुंकणारा लहान कुत्रा म्हणजे बिबट्यास दारापर्यंत बोलावणेच. त्यास रात्री घरात घ्यावे.

ऊन व पाऊस

कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. दाट केसांच्या स्पिट्झला विदर्भ-मराठवाड्यातील ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली बांधणे म्हणजे त्याला मारणेच होय. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या पुढे गेले की मेंदू व आतडी यांस इजा होते. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल डगमगती अशी चिन्हे दिसताच सावलीत नेऊन अंग साध्या थंड पाण्याने भिजवावे आणि वारा घालावा. नुसता ओला कपडा गुंडाळून ठेवू नये. नंतर तडक पशुवैद्यकाकडे न्यावे.

उन्हाळ्यात केस वस्तऱ्याने उतरविण्याची पद्धत चांगली नाही. हे केस उन्हापासूनही रक्षण करतात आणि एकदा मुळापासून काढल्यास पूर्ववत येतीलच असे नाही. आठवड्यातून तीन वेळा ब्रशने विंचरून आतली सुटलेली लोकर काढून टाकावी, म्हणजे हवा खेळते. अंघोळ महिन्यातून एक वेळ पुरते. कपड्याचा साबण वापरू नये. पावसाळ्यात अंग ओले राहिल्यास कातडीस बुरशी धरते. बोटांच्या बेचक्या व कानामागील जागा कोरडी करावी.

मादीची निगा

मादी वर्षातून साधारण दोन वेळा माजावर येते. वेत नको असल्यास शस्त्रक्रियेने गर्भाशय काढून घेणे हा उत्तम मार्ग होय. ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही अशा माद्यांत उतारवयात, माजानंतर महिना-दोन महिन्यांनी, गर्भाशयात पू साठण्याचा रोग होतो. फार पाणी पिणे, मरगळ आणि दुर्गंधी स्राव ही त्याची लक्षणे. यावर गोळ्या घेऊन थांबू नये.

व्यालेली लहान कुत्री दोन ते चार आठवड्यांची पिल्ले पाजीत असताना एकाएकी धापा टाकू लागली, ताठरली, थरथरू लागली, तर तो तिचा दुग्धज्वरच समजावा. गाय आडवी पडते व थंड होते, कुत्री तापते व झटके देते, एवढाच फरक. कारण तेच, दुधावाटे गेलेले कॅल्शियम. पिल्ले तात्काळ तोडून तिला दवाखान्यात न्यावे, सावकाश शिरेतून दिलेल्या कॅल्शियमने ती डोळ्यांदेखत सुधारते. गाभण असताना आधीपासून कॅल्शियमच्या गोळ्या चारण्याने मात्र हा रोग टळण्याऐवजी बळावतो.

उतारवय

आठव्या-नवव्या वर्षापासून दातांवर किटण चढते, तोंडास घाण येते आणि दात हलू लागतात. लहान तोंडात दातांची दाटी असल्याने या जातीत हे फार होते. पिल्लूपणापासून आठवड्यातून दोन-तीन वेळा मऊ ब्रशने दात घासण्याची सवय लावल्यास पुष्कळ टळते. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. हंसाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येऊ लागला तर श्वासनलिका मऊ पडल्याचे लक्षण समजावे. अशा कुत्र्यास गळ्यात पट्टा न बांधता छातीपट्टा बांधावा. वाढलेले वजन या वयात घातक ठरते. बरगड्या हाताला लागत नसतील तर खाणे कमी करावे, आणि चहाबरोबरची बिस्किटे प्रथम बंद करावी.

मेलेला कुत्रा उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. विहिरीपासून दूर, पाणी न साचणाऱ्या जागी चार-पाच फूट खोल खड्डा करून, खाली-वर चुना टाकून पुरावा. पिसाळ रोगाचा संशय असल्यास हातमोजे घातल्याशिवाय प्रेतास हात लावू नये व पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, म्हणजे तपासणीसाठी मेंदूचा नमुना पाठविता येतो.